स्वेटरच्या कप्प्यातलं पुस्तक

अरविंद,

तू गेल्याचं गौरीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी दारात भाजीवाल्याकडे मेथी बघत होते. "मावशी, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी जुडी परत त्याच्या गाडीवर ठेवली. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर 'सुटला'. दुखण्यातून सुटलास असं नव्हे. माझ्या हातून सुटलास.

सात वर्षं मी तुझ्यासाठी वाक्यं तयार करत होते. भांडी घासताना, बसमध्ये, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना. एकेक वाक्य घासूनपुसून ठेवलेलं. समोरासमोर बसवून ऐकवायचं होतं तुला. रडू त्यानंतर आलं, चांगलं तासभर आलं. पण आधी राग आला, हे लिहून ठेवते. उगाच कुणाचा गैरसमज नको.

तुझ्या शोकसभेत सगळे म्हणाले की देवरेसरांनी नाशकातल्या लोकांना विज्ञानकथा वाचायला शिकवलं. इतरांचं मला माहीत नाही, मला तू शिकवलंस ते खरं आहे. कळवणहून आलेली, मराठी शाळेत शिकलेली मी. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून लागले, आणि इंग्रजी सुधारावं म्हणून रद्दीच्या दुकानातून एक फाटकं पेपरबॅक घेतलं. मुखपृष्ठावर तीन चंद्र आणि हिरव्या कातडीची बाई. जेवणाच्या सुट्टीत शब्दकोश मांडून बसले होते. तू शेजारच्या टेबलाचा, सिनियर क्लार्क.

"गांगुर्डेबाई, हे काय वाचताय?"

"इंग्रजी सुधारतेय."

"ह्यानं इंग्रजी नाही सुधारायचं, डोकं बिघडेल," तू म्हणालास. मग आवाज खाली आणून, "दुसरा भाग माझ्याकडे आहे."

त्यानंतर दीड वर्ष रोज दोन पानं, कचेरीच्या मागच्या जिन्यावर. यानाची ती दोन दारांची खोली मला काही केल्या समजेना, तेव्हा तू रेकॉर्डरूमची दोन्ही दारं वापरून दाखवलीस. पोपटराव शिपायाला मधे उभं केलंस आणि म्हणालास, "हे दार लागल्याशिवाय ते उघडायचं नाही, नाहीतर पोपटराव उडून अंतराळात." पोपटराव घाबरून खरोखर भिंतीला धरून उभे राहिले. ते मी विसरलेले नाही. मी काहीच विसरत नाही, हीच तर अडचण आहे.

मग आपले रविवार. द्वारका चौकामागचं युसूफभाईंचं रद्दीचं दुकान. देवळाली कॅम्पात कुठल्या लष्करी अधिकाऱ्याची बदली झाली, की खोकी भरून पुस्तकं बाहेर पडत. ती आधी आपल्याला दिसावीत म्हणून तू तिथल्या इस्त्रीवाल्याशी मैत्री केली होतीस. इगतपुरीला रेल्वेच्या जुन्या वसाहतीतली कुटुंबं परदेशी गेली, त्यांच्या कपाटांतले रॉकेट आणि राक्षस तिथल्या रद्दीत आले. ज्यानं आधी हात लावला त्याचं पुस्तक, हा आपला नियम. तू हात लावायच्या आधीच लांबून ओरडायचास, तुझ्या सटाण्याच्या बोलीत, "हाई मन्हं शे!" हे माझं आहे! आणि मी हसायला लागायचे. हसता हसता पुस्तक तुझ्या पिशवीत. तेव्हाच लक्षात यायला हवं होतं माझ्या. माणूस कसा आहे ते अशा वेळीच दिसतं आणि आपण हसत असतो.

तुझ्या घरी सुलभावहिनी आपल्याला 'परग्रहवाले' म्हणायच्या. तुला गंमत वाटायची. त्या वैतागून म्हणायच्या, हे मला पुढे कळलं.

आता प्राध्यापक अंबरीश. इथून तुझी सुटका नाही.

इगतपुरीच्या त्या रद्दीत इंग्रजी पुस्तकांच्या खाली मला एक मराठी पॉकेटबुक सापडलं. 'सातव्या चंद्रावरची सुईण'. लेखक, प्राध्यापक अंबरीश. छपाई पुसट, कागद बिस्किटासारखा मोडणारा. तू चाळलंस आणि म्हणालास, "टाकाऊ आहे गं. कुणीतरी मास्तरनं इंग्रजीवरून उचललंय." म्हणून ते माझ्या पिशवीत आलं. वाचलं, आणि दोन दिवस मला कामात लक्ष देता येईना. परक्या ग्रहावर बाळंत होणारी बाई, तिची नाळ कापणारी सुईण, आणि यानाचा कप्तान, जो जेवणाचं ताट आवडलं नाही की भिंतीवर भिरकावतो. कुठल्या इंग्रजी पुस्तकात असला कप्तान असतो? हा आपल्याकडचाच माणूस.

पाच पुस्तकं जमवायला मला अकरा वर्षं लागली. सहावं आहे एवढं कळलं होतं, कारण पाचव्याच्या मागे त्याची जाहिरात होती. 'तळ नसलेलं धरण'. ते कुठेच मिळेना. त्या पाचांत जखमा बांधण्याचं, टाके घालण्याचं वर्णन इतकं बारीक होतं, की हा प्राध्यापक नव्हे, हे दवाखान्यातलं माणूस आहे, हे मी ताडलं. मी. तू नव्हेस. इगतपुरीला मी एकटी सात वेळा गेले. भर पावसाळ्यात गेले, जेव्हा तिथे समोरचा माणूस दिसत नाही. रेल्वेच्या दवाखान्यातल्या जुन्या माणसांना विचारत विचारत शेवटी लीलाबाई वाघचौरे यांच्या दारात पोचले. निवृत्त नर्स, वय सत्याऐंशी.

"प्राध्यापक अंबरीश इथंच राहतात का?" मी विचारलं.

त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "ते वारले. आत ये, चहा घे."

मग हसायला लागल्या. इतक्या हसल्या की दाराची चौकट धरावी लागली.

चार महिने मी दर शनिवारी जात होते. त्यांनी सगळं सांगितलं. दवाखान्यात रिकाम्या वेळात केसपेपरच्या पाठीवर लिहायच्या. नाशकातल्या एका छापखानेवाल्यानं परस्पर ते नाव ठेवलं. नवऱ्याला समजलं तेव्हा त्यानं उरलेले कागद बंबात घातले. कप्तान तोच होता. आता नवरा नव्हता, पण दोन्ही मुलं वडिलांना देव मानणारी.

"मी आहे तोवर माझं नाव कुठे सांगू नको, मंदा," त्या म्हणाल्या. "मुलं वाचतील. मग विचारतील, आणि मला उत्तरं द्यायची नाहीत. मी गेले की मग खुशाल दवंडी पिटव."

मी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

आणि तुला सांगितलं. हा माझा गुन्हा, तो मी नाकारत नाही. पण कुणाला सांगणार होते मी? माझ्या नवऱ्याला पुस्तकांची ॲलर्जी, म्हणजे शिंकाच यायच्या बिचाऱ्याला. अकरा वर्षांचा शोध लागला आणि तो जगात एका माणसाला कळण्यासारखा होता. तुझ्या घरी, तुझ्या त्या वेताच्या खुर्चीत बसून मी तुला सांगितलं, आणि वर म्हणाले, "अरविंद, हे आपल्या दोघांतच." तू मान डोलावलीस. मी तुला पाचही पुस्तकं वाचायला दिली. तू म्हणालास, "मंदा, मी चुकलो होतो. ही फार मोठी बाई आहे."

दिवाळी अंकात लेख आला. तुझं नाव, तुझा फोटो, तुझा पत्ता. लीलाबाईंचा फोटोसुद्धा, जो मी काढला होता. त्यांचं नाव, बंबातले कागद, कप्तान म्हणजे नवरा, सगळं छापलेलं. 'माझ्या प्रदीर्घ शोधाची कहाणी.' आणि मी कुठे होते? दुसऱ्या पानाच्या तळाशी. 'एका स्नेह्याच्या मदतीने त्यांच्या घरापर्यंत पोचलो.' स्नेह्याच्या! मला पुरुष करून टाकलंस, अरविंद. त्या बाईला एका छापखानेवाल्यानं केलं होतं तसंच.

मी फोन केला तेव्हा तू काय म्हणालास, ते शब्दन् शब्द पाठ आहे.

"हे बघ, ती गेल्यावर छापलं तर तिला काय मिळणार? जिवंतपणी मान मिळायला नको का?"

"तिनं नको म्हटलं होतं."

"लोक नको म्हणतात गं. म्हणजे हवंच असतं."

"आणि माझं नाव?"

तू घसा साफ केलास. मग म्हणालास, "संपादकानं कापलं असेल." त्याच क्षणी मला कळलं की खोटं बोलतोयस, कारण खोटं बोलताना तू घसा साफ करायचास.

मी इगतपुरीला धावले. थोरल्या मुलानं दार अर्धंच उघडलं. हातात तो अंक. "आईला कुणाला भेटायचं नाहीये. तुम्ही लोकांनी आमच्या वडिलांचं काय केलंत, कळतंय का तुम्हाला?" आतून खोकल्याचा आवाज आला. मी हाक मारली, "लीलाताई, मी नाही सांगितलं!" आणि तेही खोटंच होतं ना? मीच सांगितलं होतं, तुला. दार लागलं. महिनाभरात त्यांना धाकट्या मुलाकडे कल्याणला नेलं, आणि आठ महिन्यांनी त्या गेल्या. मला विश्वासघातकी समजत गेल्या, असं मी सहा वर्षं धरून चालले. या वर्षांत तुझा सत्कार झाला, पाच पुस्तकांची नवी आवृत्ती निघाली, तिला तुझी प्रस्तावना. मी ती आवृत्ती विकत घेतली, प्रस्तावनेची पानं ब्लेडनं कापली आणि बाकीचं पुस्तक कपाटात लावलं.

तू तीनदा फोन केलास. मी उचलला नाही. चौथ्यांदा केला असतास तर उचलला असता. पण तू केला नाहीस.

तुझं तेरावं झाल्यावर गौरीचा पुन्हा फोन. "मावशी, बाबांची पुस्तकं एका संस्थेला द्यायचीत. त्यांच्या नावाचं दालन करणार आहेत. लावून द्यायला तुमच्याशिवाय कोण?" मी नाही म्हणणार होते. पण तुझ्या कपाटांत माझी किती पुस्तकं अडकलीत ते बघावं, असं मनात आलं. खोटं कशाला बोलू, लुटायलाच आले होते मी.

कपाटासमोर उभी होते तेवढ्यात सुलभावहिनी आतून आल्या. हातात तुझा मरून स्वेटर, आणि त्याच्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"हे तुमचं आहे," त्या म्हणाल्या.

स्वेटर उलगडला. 'तळ नसलेलं धरण'.

आतलं पहिलं पान उघडलं. निळ्या शाईत, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'चि. मंदास. मुलांनी शेवटी विचारलं. मी उत्तरं दिली. धाकटा रडला, मग थोरलाही निवळला. तुझ्यावर राग नाही. ही एवढी एकच प्रत माझ्याकडे उरली होती, ती तुझी. लीला.'

मी ते दोनदा वाचलं.

"त्यांची धाकटी सून आली होती द्यायला," वहिनी सांगत होत्या. "बाई जाऊन पंधराच दिवस झाले होते. तुमचा पत्ता नव्हता त्यांच्याकडे, अंकात ह्यांचा होता. म्हणाली, मंदाताईंना द्या. हे हो म्हणाले."

"मग?"

"मग काय! दर थंडीला स्वेटर काढताना मी म्हणायचे, अहो, देऊन या ते. हे म्हणायचे, उद्या जातो. एकदा तर चपला घालून निघाले होते. कोपऱ्यावरून परत आले. म्हणाले, जगात एकच प्रत आहे सुलभा, एकदा दिली की गेली."

एकच प्रत आहे. एकदा दिली की गेली.

अरविंद, मी तुला बरीच वर्षं ओळखत होते आणि तरी हे मला सुचलं नसतं. मी समजत होते तू कीर्तीचा हावरट. तू त्याहून खालचा निघालास. तुला नुसतं पुस्तक हवं होतं. आणि यातली सगळ्यात संतापाची गोष्ट कुठली, सांगू? तू बरोबर होतास. तुझ्या त्या नीच लेखामुळेच मुलांनी विचारलं, बाईनं उत्तरं दिली, आणि ती हलकी होऊन गेली. आपल्या भांडणात तू जिंकला होतास आणि त्याचा कागदी पुरावा तुझ्या स्वेटरखाली होता. तो माझ्या तोंडावर फेकला असतास तर मी हरले असते, रडले असते, आणि तुझ्याशी बोलले असते. एका पुस्तकासाठी तू स्वतःची जीतसुद्धा लपवलीस. आणि मला सहा वर्षं त्या बाईच्या शापात ठेवलंस. तो शाप तिनं कधी दिलाच नव्हता.

वहिनी म्हणाल्या, "मी तरी आणून द्यायला हवं होतं."

"हो, हवं होतं," मी म्हणाले. त्यांनाही सोडलं नाही मी त्या दिवशी.

पुढच्या रविवारी शोकसभा. हॉल भरला होता. पहिल्या रांगेत संस्थेची माणसं, व्यासपीठावर तुझा हार घातलेला फोटो. एकेक जण उठून 'शोधयात्री' म्हणत होता. माझी पाळी आली. लोकांना वाटलं, जुन्या सहकारी आहेत, दोन आठवणी सांगतील, पोपटरावांचा किस्सा होईल. मी पुस्तक वर धरलं. ते कुणी लिहिलं, कुणी शोधलं, कुणी शब्द मोडला आणि ते सहा वर्षं कुठे होतं, हे सगळं क्रमानं सांगितलं. आवाज चढवला नाही. शेवटी लीलाबाईंच्या त्या ओळी वाचल्या. सूत्रसंचालक दोनदा घड्याळाकडे बोट दाखवून गेला. मी थांबले नाही. तुझ्या फोटोकडे बघूनच बोलत होते.

बरं वाटलं का? वाटलं, अरविंद. फार बरं वाटलं. लोक म्हणतात सूड घेऊन काही मिळत नाही. त्यांनी नीट घेतला नसेल. मी घरी आले, गरम पिठलं-भात केला आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

वाईट गौरीचं वाटलं. ती दाराशी उभी होती. मला वाटलं आता ही तोंड फिरवेल. ती म्हणाली, "मावशी, मला आधी सांगायचं होतंत ना. मी आईचा हात धरून बसले असते." एवढंच. मग तीच म्हणाली, "सहावं पुस्तक मी छापते. टाइप करणं, पानं लावणं, हे माझं रोजचंच काम आहे. प्रस्तावना तुम्ही लिहा. आणि नाव लीलाबाईंचं. अंबरीश नको." त्यांच्या मुलांना तिनंच फोन लावला. थोरला म्हणाला, छापा. वडिलांचं नाव घालू नका, पण छापा.

मग मी पुस्तक वाचायला घेतलं. तीन दुपारी पुरवून पुरवून वाचलं. शेवट तुला माहीत आहे. कप्तान त्या तळ नसलेल्या धरणाच्या भिंतीवरून दोराला लटकतोय आणि दोराचं टोक सुईणीच्या हातात. शेवटची ओळ: 'मग तिच्या हाताला वजन जाणवेनासं झालं.' बस. संपलं. आणि समासात तुझ्या पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: 'वर आला?'

मी पुस्तक मिटलं आणि मोठ्यानं म्हणाले, "वर कसला येतोय! तिनं सोडला दोर. त्या ओळीच्या आधीचं पान वाच, तिनं मुठीवरचं फडकं सोडलेलं आहे." घरात कुणी नव्हतं. हे पुस्तक वाचलेली किती माणसं उरलीत या जगात? त्या बाई गेल्या, छापखानेवाला कधीच गेला. एक मी, आणि एक तू होतास. तू असतास तर म्हणाला असतास की फडकं सोडलं ते वर आलेल्या माणसाला हात द्यायला. मी म्हणाले असते, मूर्खा, ताट भिरकावणाऱ्याला कोण हात देतं? तू तुझं लावून धरलं असतंस. संध्याकाळ झाली असती. वहिनींनी चहा आणून आदळला असता. तेवढ्यासाठी, फक्त तेवढ्या भांडणासाठी, मी तुला एक दिवस परत मागितला असता. भांडण झाल्यावर पुन्हा माझा राग होताच.

आज तुला जाऊन बेचाळीस दिवस झाले. प्रस्तावना लिहून झाली. तुझं नाव त्यात येऊच द्यायचं नाही, असं आधी ठरवलं होतं. पण प्रत कुठे मिळाली हे सांगावं लागतंच. म्हणून लिहिलं: 'ही एकमेव प्रत अरविंद देवरे यांनी सहा वर्षं स्वतःच्या कपाटात लपवून ठेवली होती.' पुस्तक जितकी वर्षं टिकेल तितकी वर्षं हे वाक्यही टिकेल. लिहिताना मजा आली.

गौरीनं टाइप करताना विचारलं, "मावशी, पुढे एक ओळ घालू? बाबांनी ते जपलं म्हणून?"

"नाही," मी म्हणाले. "एकही ओळ गळलेली नाही, वाचणाऱ्याला दिसेलच ते."

काल प्रूफ आलं. पोरगी तुझीच. माझ्या वाक्यापुढे तिनं गुपचूप घातलेलं होतं: 'आणि त्यांनी ते वाळविपासून जपलंही.' मी लाल पेन उघडला. त्या ओळीवर टेकवला. मग 'वाळवि'ची वेलांटी दीर्घ केली आणि प्रूफ तिला परत पाठवून दिलं.

मंदा